पोस्ट कोणी उडवली, तेवढं सांगा

१४ ऑगस्ट २०२० रोजी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने फेसबुकच्या भारतातल्या कारभाराविषयी एक बातमी छापली. तेलंगणातले भाजपचे आमदार टी. राजा सिंह यांच्या मुस्लिमविरोधी पोस्ट कंपनीच्या स्वतःच्याच नियमांचा भंग करतात, असं आतल्या कर्मचाऱ्यांचं मत झालं होतं. पण सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांवर कारवाई केली तर धंद्याला झळ बसेल, असं सांगून भारतातल्या सार्वजनिक धोरणाच्या प्रमुख आंखी दास यांनी त्याला विरोध केला, असं बातमीत म्हटलं होतं. काँग्रेसने मार्क झुकरबर्गला पत्र धाडलं. महिनाही उलटला नाही, तोच १ सप्टेंबरला तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांनीही झुकरबर्गलाच पत्र लिहिलं. त्यांची तक्रार नेमकी उलटी होती. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी उजव्या विचारांची पेजेस फेसबुकने काढून टाकली किंवा त्यांची रीच, म्हणजे ती किती जणांना दिसतात ते, पाडली, असं त्यांचं म्हणणं.

पुढे राजा सिंह यांच्यावर फेसबुकने बंदी घातली, ऑक्टोबरमध्ये दास यांनी नोकरी सोडली, संसदीय समितीने कंपनीच्या अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारले. हे सगळं झालं. पण कोणती पेजेस उडाली, कुठल्या नियमाखाली, कोणाच्या सांगण्यावरून, आणि तसाच मजकूर टाकणारी कोणती पेजेस राहिली, हे तुम्हाला-मला आजही तपासता येत नाही. दोन्ही बाजूंना आपापली खात्री आहे आणि दोघांपैकी कोणाकडेही कागद नाही. कागद फक्त कंपनीकडे आहे.

या विषयावरची आपल्याकडची चर्चा गेली अनेक वर्षं याच जागी अडकली आहे. डावे म्हणतात कंपन्या सरकारच्या खिशात, उजवे म्हणतात कंपन्या पाश्चात्त्य उदारमतवाद्यांच्या खिशात. ज्याची पोस्ट उडाली तो म्हणतो माझ्या विचारांमुळे उडाली. ज्याने रिपोर्ट मारूनही समोरच्याची पोस्ट राहिली, तो म्हणतो कंपनी त्यांची आहे. माझं म्हणणं असं, की हा वाद या पायरीवर सुटणारच नाही. कोणाचं काय काढलं, कोणत्या नियमाने, कोणाच्या हुकुमावरून, याची लेखी नोंद आधी हवी. ती संबंधित माणसाला मिळायला हवी आणि उरलेल्यांना तपासता यायला हवी. पक्षपात आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. नोंदीशिवाय त्याचं उत्तर देणारा प्रत्येक जण अंदाज बोलतो आहे, मग तो माझ्या बाजूचा असला तरी.

नुसत्या बेरजेवरून पक्षपात कळत नाही, याचा एक चांगला दाखला आहे. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीच्या काळात राजकीयदृष्ट्या सक्रिय असलेल्या ९,००० ट्विटर खात्यांचा अभ्यास काही संशोधकांनी केला. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. ट्रम्प यांच्या बाजूचे हॅशटॅग वापरणाऱ्यांची खाती बायडेन यांच्या बाजूच्यांपेक्षा ४.४ पट अधिक प्रमाणात निलंबित झाली होती. एवढंच वाचलं तर निकाल लागला असं वाटेल. पण त्याच गटाने बेभरवशाच्या बातमीस्थळांच्या लिंकही कितीतरी जास्त टाकल्या होत्या. आणि कोणतं बातमीस्थळ बेभरवशाचं, हे दोन्ही पक्षांच्या सामान्य मतदारांना समसमान घेऊन ठरवलं, तरी हा फरक टिकला. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा लावूनही मार एका बाजूला जास्त बसू शकतो. याचा अर्थ ट्विटर निष्पक्ष होतं असा नाही, संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. एवढंच, की आकड्याच्या मागे जाऊन पाहिल्याशिवाय काही बोलता येत नाही.

आणि आकड्यांच्या मागे जाण्याची वाट आता बुजत चालली आहे. ट्विटरने २०२३ च्या फेब्रुवारीत संशोधकांना मोफत मिळणारा डेटा बंद करण्याचं जाहीर केलं. फेसबुकवर काय पसरतंय हे पत्रकारांना दाखवणारं क्राउडटँगल हे साधन फेसबुकची मालक कंपनी मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. सरकारांकडून आलेल्या काढून टाकण्याच्या मागण्या ट्विटर पूर्वी हार्वर्ड विद्यापीठातल्या ल्युमेन या संग्रहाकडे पाठवत असे. मालकी इलॉन मस्ककडे गेल्यावर २०२३ मध्ये तेही थांबलं. भारतात तसा अभ्यास करायचं कोणी मनात आणलं, तर त्याला सामान मिळणार नाही.

काढून टाकण्यापेक्षाही अवघड प्रकरण रीचचं. पोस्ट उडाली तर निदान उडाल्याचं कळतं. ती राहिली पण कोणाला दिसलीच नाही, तर काय करायचं? ऑक्टोबर २०२१ मध्ये ट्विटरने स्वतःच एक अभ्यास प्रसिद्ध केला. सात देशांपैकी जर्मनी सोडून सहा देशांत उजव्या पक्षांच्या नेत्यांची ट्विट्स त्यांचा अल्गोरिदम डाव्यांच्या ट्विट्सपेक्षा जास्त वर आणत होता. असं का होतं, हे आपल्याला ठाऊक नाही, असं कंपनीने त्याच वेळी कबूल केलं. मला तो कबुलीजबाब महत्त्वाचा वाटतो. यंत्र ज्यांनी बांधलं त्यांनी आकडे मांडले आणि कारण माहीत नाही असंही सांगितलं, हा प्रामाणिकपणा होता. त्या सात देशांत भारत नव्हता, आणि आज एक्स (म्हणजे पूर्वीचं ट्विटर) असं काही छापेल अशी आशाही उरलेली नाही.

इथे कोणी म्हणेल, मग काही काढूच नका, सगळं राहू द्या, लोक ठरवतील. मला हे मान्य नाही, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या कोणालाही ते मान्य व्हायला नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं, मूळची सोलापूरकडची, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आली आहे, हे व्हॉट्सॲपवर फिरत होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. ही मर्यादा म्हणजेही नियमनच, आणि ती आधी आली असती तर बरं झालं असतं. तेव्हा मजकुरावर नियंत्रण नको, हा माझा मुद्दा नाही. ज्याच्या हातात ते नियंत्रण आहे, त्याने हिशेब द्यावा, हा आहे.

हिशेब न देता नियंत्रण कसं चालतं, ते एका पंजाबी पोस्टच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं. नोव्हेंबर २०२० मध्ये एकाने ग्लोबल पंजाब टीव्हीचा १७ मिनिटांचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. त्यात एका प्राध्यापकांची मुलाखत होती, आणि सोबतच्या मजकुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि पंतप्रधान मोदी यांच्यावर टीका होती. शिखांना त्यांच्यापासून धोका आहे, असा सूर होता. कोणीतरी एक रिपोर्ट मारला. ‘धोकादायक व्यक्ती आणि संघटना’ या नियमाखाली पोस्ट काढली गेली, खात्यावर निर्बंध आले. त्या माणसाने दाद मागितली, तर कोविडमुळे तपासणारी माणसं कमी आहेत असं सांगून ती पाहिलीच गेली नाही. प्रकरण कंपनीचे असे निर्णय तपासणाऱ्या मेटाच्या ओव्हरसाइट बोर्डाने हातात घेतलं, तेव्हा कुठे कंपनीला चूक दिसली आणि पोस्ट परत आली.

बोर्डाचा निकाल २९ एप्रिल २०२१ चा आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. ज्या नियमांखाली त्या माणसाची पोस्ट काढली, ते नियम पंजाबीत उपलब्धच नव्हते. पंजाबी बोलणारे जगात कोट्यवधी. त्यांनी कुठल्या कायद्याखाली वागायचं, हे त्यांच्या भाषेत लिहिलेलं नाही. बोर्डाने कंपनीला आणखीही विचारलं होतं, की शेतकरी आंदोलनाविषयीचा मजकूर रोखायला भारतातल्या अधिकाऱ्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का. त्याचं उत्तर कंपनीने दिलं नाही. आपणच नेमलेल्या आणि आपल्याच पैशावर चालणाऱ्या बोर्डालाही नाही.

आता हा पक्षपात होता की हलगर्जी? मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे. पंजाबी नीट न समजणाऱ्या कोणा कंत्राटी तपासनीसाची घाई असू शकते. वरून आलेला इशारा असू शकतो. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, आणि मग तो आपल्याला हवं ते कारण निवडतो. अविश्वास असाच वाढतो.

भाषेचा मुद्दा मराठीलाही तितकाच लागू आहे. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी २०२१ मध्ये फेसबुकची जी अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली, त्यांत खोटी माहिती ओळखण्यासाठी राखलेल्या वेळेच्या खर्चातला ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी आणि उरलेल्या सगळ्या जगासाठी १३ टक्के, अशी नोंद होती. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत. ते देवनागरीत लिहितात, रोमन अक्षरांतही मराठी लिहितात, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी मिसळून लिहितात. एखाद्या जातीचं नाव एका वाक्यात ओळख असते आणि पुढच्याच वाक्यात शिवी. हे कळायला मराठी माणूस लागतो. असे किती तपासनीस फेसबुककडे, एक्सकडे, यूट्यूबकडे आहेत? हा आकडा आपल्याला कोणी दिलेला नाही, कारण कायद्याने मागितलेला नाही.

युरोपने मागितला. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना आपले तपासनीस भाषावार जाहीर करावे लागतात. त्यामुळेच २०२३ च्या शेवटी एक्सला छापावं लागलं, की त्यांच्याकडे इंग्रजीचे २,२९४ तपासनीस आहेत, जर्मनचे ८१, इटालियनचे २ आणि पोलिशचा १. पोलंडसारख्या देशासाठी एक माणूस! हा आकडा बाहेर येताच वाद कसा जमिनीवर आला, ते पाहा. एक्स डावं की उजवं यावर डोकेफोड करण्याची गरजच उरली नाही. एक माणूस पुरेसा नाही, हे सगळ्यांना एकाच वेळी दिसलं. त्याच कायद्याने प्रत्येक वापरकर्त्याला कारवाईचं कारण लेखी देणं सक्तीचं केलं आहे, आणि ही कारणं एका सार्वजनिक संग्रहात जमा होतात. डिसेंबर २०२५ मध्ये एक्सला १२ कोटी युरोंचा दंड झाला, त्याच्या कारणांत संशोधकांना डेटा न देणं हेही होतं.

आपल्याकडे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी दरमहा अहवाल काढायचा, असं त्यांत आहे, आणि अहवाल निघतातही. नग्नता इतकी, हिंसा इतकी, स्पॅम इतकं, असे मोठमोठे आकडे. भाषा नाही, राज्य नाही, सरकारी हुकूम किती ते नाही. असा अहवाल वाचून मराठी वाचकाला आपल्या कामाचं काही म्हणजे काही मिळत नाही. त्याच नियमांत एक चांगली गोष्टही आहे: कंपनी स्वतःहून काही काढत असेल, तर तिने वापरकर्त्याला आधी कारणासह कळवायचं आणि त्याला दाद मागू द्यायची. ती ‘स्वतःहून’ काढण्यापुरतीच आहे, हे मात्र विसरता येत नाही. सरकारने काढायला लावलं, तर काय?

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ केंद्र सरकारला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी मजकूर रोखण्याचा अधिकार देतं. असे हुकूम २०१४ मध्ये ४७१ मजकुरांसाठी निघाले, २०२० मध्ये ९,८४९ साठी. हे आकडे सरकारचेच आहेत. हुकूम कोणते, हे विचाराल तर उत्तर नाही. या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ सांगतो की या मागण्या आणि त्यांवरची कारवाई काटेकोर गोपनीय ठेवायची. आधी नोटीस मजकूर लिहिणाऱ्याला किंवा कंपनीला द्यायची असते; व्यवहारात ती कंपनीलाच जाते, आणि लिहिणाऱ्याला आपलं खातं भारतात रोखलं गेल्याची पाटी तेवढी दिसते.

हे कलम टिकलं कसं, ती कथा पालघरहून सुरू होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्यातून ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिण्याला शिक्षा देणाऱ्या ६६अ कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं आणि २४ मार्च २०१५ ला ते रद्द झालं. त्याच निकालात न्यायालयाने ६९अ मात्र कायम ठेवलं. का? कारण त्यात रक्षक तरतुदी आहेत: कारणं लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं. पण जो कागद लिहिणाऱ्याला कधी दाखवलाच जात नाही, त्याला तो आव्हान देणार कसा? हुंड्यावर उपरोध करणारं ‘डाउरी कॅल्क्युलेटर’ हे संकेतस्थळ २०१८ मध्ये रोखलं गेलं. ते चालवणाऱ्या पत्रकाराला रोखण्याच्या हुकुमाची नुसती प्रत मिळवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि न्यायालयाने ती द्यायला सांगितली तेव्हा २०२२ चा मे महिना उजाडला होता.

या गुप्ततेचा फटका कोणत्या एका बाजूलाच बसतो असंही नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला शेतकरी आंदोलनाच्या काळात सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने अडीचशेच्या आसपास खाती आणि ट्विट्स रोखली. त्यांत ‘किसान एकता मोर्चा’ होता, ‘कॅरॅव्हॅन’ मासिक होतं, आणि प्रसार भारतीच्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचंही खातं होतं. सरकारी प्रसारण संस्थेला ट्विटरकडे खुलासा मागावा लागला. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत एक्सने जाहीर केलं, की भारत सरकारने ८,००० हून अधिक खाती रोखायला सांगितली आहेत आणि बहुतेकांच्या बाबतीत कोणती पोस्ट कायद्याविरुद्ध आहे हेच सांगितलेलं नाही. जुलैमध्ये रॉयटर्सचं खातं भारतात बंद झालं. एक्स म्हणालं, सरकारने २,३५५ खाती रोखायला सांगितली. सरकार म्हणालं, आम्ही नवा हुकूम दिलेला नाही. एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेचं खातं कोणी बंद केलं, एवढ्या साध्या प्रश्नावर दोन परस्परविरोधी उत्तरं, आणि खरं कोणाचं हे ठरवायला नागरिकाकडे काही नाही.

गुप्ततेच्या बाजूने एक युक्तिवाद गंभीरपणे घ्यायला हवा. दंगल पेटलेली असताना, किंवा सीमेवर गोळीबार चालू असताना, प्रत्येक हुकूम चव्हाट्यावर मांडला तर ज्याला रोखायचं तो सावध होतो आणि रोखलेल्या मजकुराचीच जाहिरात होते. हे खरं आहे. पण त्यावर उपाय उशिरा जाहीर करणं हा आहे, कधीच जाहीर न करणं हा नव्हे. सहा महिन्यांनी, वर्षाने तो हुकूम बाहेर यावा, नावं झाकायची असतील तर झाकावीत. शिवाय २०२० चे ते ९,८४९ मजकूर सगळेच्या सगळे तातडीचे आणि देशाच्या सुरक्षेचे होते, असं सरकारनेही अजून म्हटलेलं नाही.

गावात तलाठी सातबाऱ्यावर फेरफार घालतो, तेव्हा त्याची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते, आणि मगच मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. दहा गुंठ्यांच्या तुकड्यासाठी आपण ही पद्धत शंभराहून अधिक वर्षं पाळत आलो. तिच्यात भ्रष्टाचार होतो, हेलपाटे होतात, तरी नोंद असते म्हणून भांडता येतं. नागरिकाच्या बोलण्यावर जेव्हा रेघ मारली जाते, तेव्हा यापेक्षा कमी काही का चालावं?

ऑक्टोबर २०२४ पासून गृह मंत्रालयाचं सहयोग हे पोर्टल सुरू आहे. त्यावरून केंद्राचे आणि राज्यांचे नेमलेले अधिकारी थेट कंपन्यांना मजकूर काढण्याच्या नोटिसा पाठवतात, आणि त्यासाठी आधार घेतला जातो तो ६९अ चा नव्हे, कलम ७९(३)(ब) चा, ज्यानुसार सरकारने कळवूनही मजकूर न काढणाऱ्या कंपनीचं कायदेशीर संरक्षण जातं. म्हणजे समिती, सुनावणी वगैरे जे थोडंफार होतं, तेही वगळून. एक्सने याला आव्हान दिलं, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते २४ सप्टेंबर २०२५ ला फेटाळलं, एक्स अपिलात गेलं. दरम्यान केंद्राने नियम बदलले आणि १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना किमान सहसचिव दर्जाच्या, पोलिसांत किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच, कारणांसह द्यायची असं ठरलं. दरमहा सचिव पातळीवर आढावाही घ्यायचा. ही सुधारणा चांगलीच आहे, तिचं श्रेय द्यायला हवं. पण ती कारणंही कंपनीलाच कळणार. ज्याची पोस्ट गेली त्याला नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ ला केंद्राचा सत्यशोधन कक्ष घटनाबाह्य ठरवला. सरकारविषयीची बातमी खोटी की खरी हे सरकारनेच ठरवायचं, अशी ती तरतूद होती. न्यायालयात ती टिकली नाही. ती उघड नियम म्हणून लिहिलेली होती, म्हणून तिच्यावर बोट ठेवता आलं. बंद पाकिटातल्या नोटिशीवर बोट कुठे ठेवायचं?

दिल्लीत नियम १६ जाईल तेव्हा जाईल. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. महाराष्ट्राला तोवर थांबायचं कारण नाही. राज्याच्या पोलिसांनी आणि सायबर गुन्हे पाहणाऱ्या महाराष्ट्र सायबरने वर्षभरात किती नोटिसा पाठवल्या, कोणत्या कंपन्यांना, कोणत्या कलमाखाली, किती मराठी मजकुरासाठी, किती राजकीय टीकेसाठी आणि किती आर्थिक फसवणुकीसाठी, हा तक्ता विधिमंडळाच्या पटलावर ठेवायला कोणताही केंद्रीय कायदा आड येऊ नये. नावं न घालता नुसते आकडे ठेवले तर मुळीच येऊ नये. पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने हा एक तारांकित प्रश्न टाकावा. सत्ताधारी बाजूच्या आमदाराने टाकला, तर फार बरं.